वाहतुकीपुरते रहिवासी

योगिनी बिरादारने दोन वर्षं अशा माणसांच्या मागे घालवली होती, जी अजून कुठेच नव्हती. रिंग रोडच्या पलीकडे एर्रगुट्टा नावाचा एक माळ होता. तिथे ‘मेघमाला’ उभी राहायची होती : नऊ उंच इमारती, एक मॉल, शाळा, दवाखाना आणि ऑफिसांचे दोन मनोरे. तिथे राहायला येणारी माणसं सकाळी केव्हा बाहेर पडतील, कशाने जातील, कुठल्या चौकात किती खोळंबतील, हे सगळं आधीच मोजून सांगायचं, हे तिचं काम. हिमायतनगरात श्रीकांत परांजपे यांची कन्सल्टन्सी होती, तिथे ती नोकरीला होती. श्रीकांतसर मूळचे पुण्याचे. ‘ग्राहक म्हणतो ते होऊ शकतं, फक्त आपण त्याला नाव चांगलं द्यायचं,’ हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

तिचा अहवाल जाडजूड झाला. मंजुरी देणाऱ्या समितीसमोर तिने तो मोठ्या पडद्यावर दाखवला. मेघमालाच्या फाटकाशी गर्दीच्या वेळी गाडीला सरासरी पाऊण मिनिट थांबावं लागेल, असं त्यात सिद्ध केलं होतं. समितीचे अध्यक्ष निवृत्तीला आलेले अधिकारी होते. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि शांतपणे सांगितलं की, आपणही असाच एक अहवाल वाचून घर घेतलं होतं. त्यात घरापासून ऑफिस अकरा मिनिटांवर होतं. “त्या अकरा मिनिटांत मी रोज दीड तास बसतो,” ते म्हणाले. “मला कागदावर काही नको. मला दाखवा.”

दुसरा कोणी असता तर हे बोलण्यापुरतं आहे असं समजला असता. पण मेघमालाचे मालक राजू, ज्यांना सगळे तेलुगू रिवाजाने आदराने ‘राजू गारू’ म्हणत, यांनी तरुणपणी दोन तेलुगू सिनेमे काढले होते. दोन्ही पडले होते आणि ती हौस तशीच आत राहिली होती. ते उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “दाखवू.”

दुसऱ्या दिवशी त्यांचा बेत श्रीकांतसरांच्या टेबलावर होता. माळावर पांढऱ्या फक्कीने इमारतींचे नकाशे आखायचे. कृष्णानगरातून सिनेमाच्या गर्दीत उभी राहणारी माणसं आणायची. प्रत्येकाला एक फ्लॅट, एक नोकरी आणि एक ठिकाण द्यायचं, आणि सकाळी शिट्टी वाजली की सगळ्यांनी कामाला निघायचं. अध्यक्षांना सगळी सकाळ डोळ्यांनी बघता येईल. योगिनीने सांगून पाहिलं की हे शास्त्र नाही. श्रीकांतसर खिडकीबाहेर बघत म्हणाले की याला ‘पूर्ण आकाराचं प्रात्यक्षिक’ म्हणता येईल.

माणसं पुरवायचं काम अंबाजीकडे गेलं. अंबाजी म्हणजे कृष्णानगरातला जुना एजंट. लग्नातले पाहुणे, मोर्चातली जनता, राजाचं सैन्य, जे हवं ते तो दोन दिवसांत उभं करी. मराठी त्याची आईकडून आलेली आणि बाकी सगळी दख्खनी उर्दू. पण हे काम त्यालाही नवं होतं. तो रोज योगिनीला फोन करी. “मॅडम, चौदाव्या माळ्यावरचा माणूस खाली उतरताना घाईत असतो का नसतो? हमारे लोगां पूछ रहे.” योगिनी सांगे की त्याने काही फरक पडत नाही. अंबाजीला ते पटत नसे. फरक पडत नसेल तर माणूस कशाला, बुजगावणं उभं करा, असं त्याचं म्हणणं.

त्या आठवड्यात शहरात दोन मोठ्या सिनेमांची शूटिंगं होती, त्यामुळे माणसं कमी पडली. म्हातारी माणसं तर मिळेनातच. तेव्हा राजू गारूंनी फर्मावलं की ज्यांच्या घरी कोणी ज्येष्ठ रिकामे असतील त्यांनी आणावेत.

योगिनीच्या घरी, नल्लकुंट्यात, तिचे वडील केशवराव रिकामे होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, आणि योगिनीची आई जाऊन तीन. आई गेल्यापासून ते फारसं बोलत नसत. जेवण झालं की गॅलरीत बसत, दिवे लागले की आत येत. योगिनीने सहज विचारलं आणि ते लगेच हो म्हणाले. तिला वाटलं, निदान दिवसभर हवा तरी लागेल.

त्यांना कार्ड मिळालं : सी इमारत, चौदावा मजला, फ्लॅट तीन. निवृत्त. रोज गाडीने हृदयरोगतज्ज्ञाकडे. त्यांची बायको म्हणून तारामतीबाईंची नेमणूक झाली होती. तारामतीबाई अफझलगंजच्या. नवरा वारल्यावर गेली पंधरा वर्षं त्या सिनेमांत अंत्ययात्रेच्या मागे रडत चालत. बोलायची ओळ त्यांना कधी मिळाली नव्हती. केशवरावांना त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की, आपल्याला घरातलं काम प्रथमच मिळतंय, तेव्हा तुम्ही जरा नीट करा.

ठरल्या दिवशी मांडवात समिती बसली. चहा झाला. शिट्टी वाजली. आणि कोणीच बाहेर आलं नाही.

योगिनी धावत माळावर गेली. ए इमारतीच्या फक्कीच्या रेघांमध्ये शेकडो माणसं निमूटपणे रांगेत उभी होती. तिने अंबाजीला विचारलं की ही निघत का नाहीत. “लिफ्टची वाट बघायलेत,” अंबाजी म्हणाला. त्याने प्रत्येक इमारतीत दोन चौकोन आखून घेतले होते. एका चौकोनात आठ माणसं शिरत, दाराकडे तोंड करून उभी राहत, वर बघत मजले मोजत, आणि तळमजला आला की बाहेर पडत. मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबली की आतली माणसं अंग चोरून घेत आणि बाहेरच्याला सांगत की जागा नाही. योगिनीच्या अहवालात लिफ्ट कुठेच नव्हती. तिने मागे वळून मांडवाकडे पाहिलं. अध्यक्ष खुर्ची पुढे ओढून बसले होते आणि पहिल्यांदाच काहीतरी लिहून घेत होते.

पुढे गाड्यांचा प्रश्न होता. एवढ्या गाड्या भाड्याने मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून बहुतेकांना गाडीच्या मापाची दोरी दिली होती. चार माणसांनी दोरीचे चार कोपरे धरायचे, ती झाली गाडी. एकटा माणूस असला तर त्याने चार काठ्यांना बांधलेली दोरी खांद्यावरून घेऊन चालायचं. हॉर्न तोंडाने. दोरीच्या गाड्या फाटकाशी आल्या आणि तिथे अडल्या, कारण सी आणि डी या दोन इमारतींचे रस्ते फाटकाच्या जेमतेम अलीकडे एकत्र येत होते आणि कोणीच कोणाला वाट देत नव्हतं. एका दोरीला दुसरी दोरी घासली. दोन माणसं आपापल्या दोरीतून उतरली, वाकून रंग गेला का ते पाहू लागली, आणि त्यांचं जे सुरू झालं ते मिटेना. मागे शंभरेक दोऱ्या उभ्या राहिल्या. बाहेरच्या खऱ्या रस्त्यावरचे लोक हे बघायला गाड्या थांबवू लागले, तेव्हा खरा रस्ताही बंद पडला. सी इमारत रिकामी व्हायला दुपार झाली.

योगिनीला वाटलं, आता हे बंद करतील. पण अध्यक्ष मांडवातून उठून तिच्याकडे आले आणि म्हणाले, आयुष्यात इतका खरा अहवाल त्यांनी पाहिला नव्हता. फक्त आज रविवार आहे. त्यांना कामाचा दिवस बघायचा आहे. आणि सणाचा. आणि शाळा सुरू होते तो.

अशा रीतीने प्रात्यक्षिक लांबत गेलं. राजू गारूंची हरकत नव्हती. ते रोज टोपी घालून येत आणि उंच स्टुलावरून बघत. माणसं मात्र त्या जागेत मुरत चालली. पहिल्या आठवड्यात त्यांनी फक्कीच्या रेघा पुन्हा गडद केल्या. दुसऱ्या आठवड्यात भिंतीतून चालत जायला बंदी झाली. योगिनी एकदा घाईत बी इमारतीतून आरपार गेली, तर एक बाई शांतपणे म्हणाली, “मॅडम, तुम्ही आमच्या न्हाणीघरातून आलात.” योगिनीने माफी मागितली आणि वळसा घालून जिन्याने गेली. माफी का मागितली ते तिलाही कळलं नाही.

मग रहिवाशांची संघटना झाली. पार्किंगवरून तंटे होऊ लागले होते आणि कोणीतरी अर्ज लिहिणारं हवं होतं. केशवरावांनी सरकारी खात्यात आयुष्यभर अर्ज लिहिले होते, तेलुगूत, उर्दूत आणि इंग्रजीतही. त्यांना अध्यक्ष केलं. तारामतीबाई महिला शाखेच्या प्रमुख झाल्या.

घरी आता केशवराव जेवताना बोलू लागले होते. पाण्याचा दाब वरच्या मजल्यांवर कमी येतो. शेजारच्या फ्लॅटमधला कुत्रा फार भुंकतो. योगिनी म्हणाली, “बाबा, शेजारी कुणी दिलेलंच नाही. तो फ्लॅट रिकामा आहे.” केशवराव घास गिळून म्हणाले, माणूस नाही हे त्यांनाही ठाऊक आहे, ते कुत्र्याबद्दल बोलतायत. मग त्यांनी आणखी भात वाढून घेतला. तीन वर्षांत त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला नव्हता, म्हणून योगिनी पुढे काही बोलली नाही.

महिनाभराने समितीने जाहीर सुनावणी ठेवली. ज्यांना या योजनेची झळ पोचेल अशा रहिवाशांनी हरकती द्याव्यात, अशी नोटीस निघाली. ही नेहमीची नोटीस. नेहमीप्रमाणे कोणी येणार नाही, असं गृहीत धरून श्रीकांतसरांनी दुपारी दुसरी बैठकही ठेवली होती. पण सभागृहात योगिनी शिरली तेव्हा मागच्या रांगा भरल्या होत्या. नऊ इमारतींतली माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली होती. पहिल्या रांगेत तिचे वडील बसले होते आणि शेजारी तारामतीबाई, डोक्यावरून पदर घेऊन.

केशवरावांनी उभं राहून हरकत वाचली. योजनेमुळे रहिवाशांच्या येण्याजाण्याची फार गैरसोय होणार आहे. फाटक अपुरं आहे. सी आणि डी यांचे रस्ते वेगळे करावेत. ज्यांच्याकडे गाडी नाही, म्हणजे घरकाम करणाऱ्या बायका, चौकीदार, दुकानांत काम करणारी मुलं, त्यांच्यासाठी बस नाही. त्यांना रोज खऱ्या रस्त्यापर्यंत उन्हात चालत जावं लागतं.

राजू गारूंचे वकील उठले. त्यांनी हसू आवरत विचारलं की, हे गृहस्थ राहतात कुठे.

“सी इमारत, चौदावा मजला,” केशवराव म्हणाले.

वकिलांनी समितीला नम्रपणे कळवलं की सी इमारत नाहीच. अजून पायाही खणलेला नाही. जी इमारत नाही तिच्यात रहिवासी नसतात, आणि जो रहिवासी नाही त्याची हरकत नसते.

केशवराव रागावले नाहीत. खात्यात असताना साहेबाला समजावत असतील तसे ते समितीच्या अध्यक्षांकडे वळले. “साहेब, या मुलीने लिहिलेल्या अहवालात माझ्या रोजच्या फेऱ्या मोजल्या आहेत. त्या फेऱ्यांवरून रस्ता पुरेल असं ठरवलंय. फेऱ्या माझ्या आहेत, मग मी नाही हे कसं?”

अध्यक्षांनी योगिनीला उभं केलं आणि विचारलं की, चौदाव्या मजल्यावरच्या या गृहस्थांना तिने मोजलंय का.

योगिनीने श्रीकांतसरांकडे पाहिलं. ते टेबलाखाली पडलेलं पेन शोधत होते. तिने वडिलांकडे पाहिलं. ते तिच्याकडे अनोळखी माणसासारखे, पण आदराने बघत होते. तिला खोटं बोलता आलं असतं, पण मग अहवालातला प्रत्येक आकडा खोटा पडला असता. “मोजलंय,” ती म्हणाली.

अध्यक्षांनी आठवडाभर विचार करून निकाल दिला. मेघमालाचे रहिवासी वाहतुकीपुरते अस्तित्वात आहेत, असं त्यात म्हटलं होतं. पाणी, वीज, मतदान यांबद्दल समिती काही म्हणत नाही, तो तिचा विषय नाही. पण वाहतुकीपुरते ते आहेत, आणि त्यांना बस मिळाली पाहिजे, पुढच्या महिन्यापासून. त्याखालचा परिच्छेद राजू गारूंना तीनदा वाचून दाखवावा लागला. प्रात्यक्षिकात दिसून आल्याप्रमाणे एर्रगुट्ट्याचा रस्ता आहे त्या रहिवाशांनाच पुरत नाही. अशा स्थितीत इमारती बांधून तिथे आणखी माणसं आणणं योग्य ठरणार नाही. सबब बांधकामास परवानगी नाकारण्यात येत आहे.

राजू गारूंनी अंबाजीला विचारलं की, गर्दीतली ती दोन भांडणारी माणसं कोण होती, फार सुंदर केलं त्यांनी. पुढे त्यांनी तिसरा सिनेमा काढायचं ठरवलं. श्रीकांतसरांना वाटलं होतं की आता ऑफिस बंद करावं लागेल. झालं उलटं. शहरातल्या दोन बिल्डरांनी आणि एका मंगल कार्यालयाने पूर्ण आकाराच्या प्रात्यक्षिकाची चौकशी केली.

कृष्णानगरची माणसं आपापल्या शूटिंगला परत गेली. बस मात्र ठरल्याप्रमाणे सुरू झाली. रोज सकाळी ती रिकाम्या माळाशी जाऊन थांबे, कंडक्टर उतरून चारी बाजूंना बघे, आणि ती परत येई. गुरुवारी तेवढे तिच्यात पाच-सहा प्रवासी असत, कारण गुरुवारी संघटनेची सभा होती. केशवरावांनी एकही सभा चुकवली नाही.

योगिनी वडिलांशी बोलेनाशी झाली होती. दोन वर्षांचं काम एका परिच्छेदात गेलं होतं, आणि तेही घरच्या माणसाने घालवलं होतं. ती सकाळी चहा ठेवी, कप त्यांच्यासमोर सरकवी आणि ऑफिसला निघून जाई. केशवरावही काही म्हणत नसत. असं बरेच दिवस चाललं. मग एका शनिवारी, सुट्टी असल्यामुळे जायला कुठेच नव्हतं तेव्हा, ती चहा घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि तिने विचारलं, “बाबा, तुम्हाला माझ्याविरुद्धच उभं राहायचं होतं का?”

केशवरावांनी बशीत चहा ओतला. ते म्हणाले की तिच्याविरुद्ध त्यांचं काहीच नाही. अहवाल त्यांनी पूर्ण वाचला होता, अगदी शेवटच्या पानापर्यंत. तसा तो कोणीच वाचला नव्हता, अध्यक्षांनीही नाही. काम नेटकं होतं. “पण पोरी, तू मला आठवड्याच्या सगळ्या फेऱ्या दवाखान्याच्याच दिल्यास. अडुसष्ट वर्षांचा माणूस म्हणजे दवाखाना. दुसरीकडे कुठे जायचंय का, हे विचारलं नाहीस.”

योगिनी म्हणाली की ते त्या वयोगटाचं सरासरी प्रमाण आहे, त्यांच्यासाठी वेगळं काही लिहिलेलं नव्हतं.

“हौ, ठाऊक आहे मला,” केशवराव म्हणाले.

खरं तर तिला आणखी बरंच बोलायचं होतं, सगळं मनात जुळवून ठेवलेलं होतं. पण ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की तीन वर्षांत तिने त्यांना औषध घेतलं का, जेवलात का, दार लावून घेतलं का, एवढंच विचारलं होतं. तिने चहा संपवला. मग अहवालासाठी माणसांना विचारायची तिची जी पद्धत होती, त्याच सुरात तिने विचारलं, “आज कुठे जायचंय?”

केशवराव जरा अवघडले. अफझलगंजला, ते म्हणाले. तारामतीबाईंनी जेवायला बोलावलंय. संघटनेच्या कामाचं काही नाही. नुसतंच.

योगिनीने गाडीची किल्ली घेतली. ते बसने जातो म्हणत होते, पण तिने ऐकलं नाही. केशवरावांनी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला, डबीतलं अत्तर लावलं आणि पुन्हा पुसलं. वाटेत काचिगुड्याला थांबून त्यांनी एक किलो सीताफळं घेतली, आणि ती पिकलेली आहेत की नाहीत हे गाडीत बसून एकेक दाबून पाहिलं.

कोठी भागापर्यंत ठीक होतं. पुढे पुतलीबावलीच्या चौकात सगळं अडलं. समोर एक टेम्पो आडवा झाला होता, रिक्षा फटीफटीतून घुसत होत्या आणि मागून कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. योगिनी सवयीने बोटांवर गाड्या मोजू लागली आणि मग तिने मोजणं सोडून दिलं. ती म्हणाली, उशीर होतोय, बाईंना फोन करून सांगा.

“त्यांना माहीत असतं,” केशवराव म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की ती येते का जेवायला. तारामतीबाईंनी तिलाही बोलावलं होतं, केशवरावांनीच तिला सांगितलं नव्हतं, कारण ती बोलत नव्हती.

योगिनी म्हणाली, येते. गाडी लावायला जागा मिळाली की येते.

केशवराव हसले. त्यांनी सीताफळांची पिशवी उचलली, दार उघडलं आणि सांगितलं की लायब्ररीमागच्या गल्लीत निळ्या दाराचं घर, पायऱ्या उंच आहेत, जपून ये. मग ते दोन रिक्षांच्या मधून, टेम्पोच्या पुढून, पिशवी छातीशी धरून चालत गेले. योगिनीला बराच वेळ त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता. मागच्याने पुन्हा हॉर्न वाजवला. तिने आरसा नीट केला, काच वर घेतली आणि समोरचा टेम्पो हलायची वाट बघत बसली.